सहावी किल्ली

२ नोव्हेंबर १९२७

ही वही पाद्रीबुवांनी दिली. म्हणाले, "वेंतुरा, तू आता परगण्याचा कॉन्सल, म्हणजे कारभारी झालास. काय बोललास ते लिहून ठेवत जा, म्हणजे दुसऱ्या दिवशी फिरवता येणार नाही." मी आजवर शब्द फिरवलेला नाही. पण वही चांगली आहे, म्हणून लिहितो.

आज मृतात्म्यांचा दिवस. बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. धाकटा इस्क्ले तिथून हलेचना. थंडीनं माझी बोटं वाकडी झाली तरी तो आपला टोपी हातात धरून उभा. मी म्हटलं, "बाबांशी भांडतोयस की काय?"

"भांडत नाही," तो म्हणाला. मग परत येताना वाटेत म्हणाला, "दादा, सेर्नीशी एकदा बसून बोललो तर?"

माझं डोकंच फिरलं. खालच्या परगण्याच्या कॉन्सलनं, सेर्नीनं उन्हाळ्यात याच इस्क्लेच्या मेंढ्या थंडझऱ्याच्या कुरणातून हाकलून कोंडवाड्यात घातल्या, आणि हा म्हणतोय बसून बोलू! मी परवा चर्चच्या ओसरीत सगळ्यांसमोर शपथ घेतली आहे. सेंट थॉमसच्या दिवशी सभा भरते, तेव्हा सहा कुलपांचं कपाट उघडा, जुना कागद वाचा. हद्दीचा क्रूसाचा दगड आज जिथं आहे तिथंच तो असल्याचं त्यात लिहिलेलं असणार. नसेल तर मी कॉन्सलची टोपी उतरवून ठेवीन. सेर्नी हसला आणि म्हणाला, "टोपी सांभाळ हो." बघू कोण हसतं.

कुरण गेलं तर माझं फारसं जाणार नाही, इस्क्लेचं सगळं जाईल. घर, शेत, तंबाखू, खेचरं, सगळं थोरल्याचं. आमच्याकडे रीतच तशी आहे. धाकट्याच्या नव्वद मेंढ्या आणि त्या चरायला ते एक कुरण. पन्नाशीला आला, लग्न नाही. कुरण गेलं तर त्याला घाट ओलांडून फ्रान्समध्ये कुणाची तरी हमाली करावी लागेल. मी असताना माझ्या भावावर ही वेळ येऊ देणार नाही.

५ नोव्हेंबर

किल्लीला चरबी लावली. माझ्या तळहाताएवढी आहे, लोखंडी, मागच्या कॉन्सलच्या बापानंही हिलाच चरबी लावली असेल. लोकरीच्या पिशवीत घालून चुलीच्या वरच्या खुंटीला टांगली, तिथं ओल येत नाही.

सहा परगणे, सहा कुलपं, सहा किल्ल्या. पाच जण आले आणि सहावा घरी बसला तर कपाट उघडत नाही. आमच्या वाडवडिलांचा एकमेकांवर किती विश्वास होता ते यावरून कळतं. देशाला राजे दोन, एक बिशप आणि एक फ्रेंचांचा अध्यक्ष. दोघांपैकी एकानंही थंडझरा पाहिलेला नाही. न्याय मिळायचा तर त्या कपाटातूनच.

इस्क्लेनं विचारलं, "समजा एखादी किल्ली आली नाही, तर?"

"तर प्रकरण पुढच्या वर्षावर. तोवर जो चारतोय तो चारेल. पण असं कधी झालेलं नाही."

"म्हणजे कुरण आपल्याकडेच राहील."

"राहील. पण चोरासारखं राहील," मी म्हटलं. त्याला इज्जतीची गोष्ट समजावून सांगायची म्हणजे खेचराला मंत्र म्हणून दाखवायचा.

१० नोव्हेंबर

इस्क्ले पहाटेच थंडझऱ्याला गेला. मेंढी हरवली म्हणे. सगळ्या मेंढ्या तर सप्टेंबर संपता संपताच खाली आणल्या होत्या. दुपारी परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात मेंढी नाही. फिलोमेना म्हणाली, "भावजी, मेंढी सापडली का?" तर म्हणाला, "आपलीच मोजण्यात चूक झाली, वहिनी." नव्वद मेंढ्यांची नावं पाठ असलेला माणूस! म्हातारा व्हायला लागला.

११ नोव्हेंबर

सेंट मार्टिनचा दिवस. डुक्कर मारलं. वाफ, रक्त, कांदे, बायकांचा गलका. बिशपला पाठवायच्या खारवलेल्या मांड्यांपैकी एक यंदा आमच्या घरची, म्हणून मी स्वतः मीठ चोळत होतो. मीठ संपलं म्हणून चुलीकडे गेलो आणि खुंटीकडे लक्ष गेलं.

पिशवी नाही.

१२ नोव्हेंबर

काल लिहिणं पुरं झालं नाही. घर उलटंपालटं केलं. गाद्या उसवल्या. पिठाची कोठी रिकामी केली. राख चाळली. फिलोमेनाला विचारलं, तू आवराआवर करताना हलवलीस का. ती म्हणाली, "अहो, मी त्या खुंटीला हातसुद्धा लावत नाही, तुम्हीच तर दटावलं होतंत." मी ओरडलो. ती परसात जाऊन एकटीच आतडी धूत बसली. शेजारणींसमोर ओरडायला नको होतं.

इस्क्लेनं सर्वांत जास्त शोधलं. गोठा, गवताचा माळा, उकिरडासुद्धा उपसला. डाव्या हाताचं मधलं बोट चेचलेलं आहे त्याचं, थंडीत ते निळं पडतं, तरी थांबला नाही. बारा वर्षांचा असताना बाबांबरोबर वर बांध घालायला गेला होता, तेव्हा दगड पडला होता त्यावर. मी तेव्हा उर्जेलला शाळेत. बाबा त्याला आणि खेचरांना तीन दिवस वर घेऊन गेले होते.

संध्याकाळी मी कोसळून बसलो. म्हटलं, "सगळीकडे बघितलंस ना रे?"

"सगळीकडे बघितलं, दादा. एकच जागा राहिली. पण तिथं आपल्याच्यानं जायचं नाही."

त्याला नदीचा डोह म्हणायचा असेल. तिथं कशी जाईल किल्ली? तरी आज सकाळी डोहावर जाऊन आलो. कडेला बर्फ धरायला लागलंय.

१६ नोव्हेंबर

झोप नाही, भूक नाही. सेर्नीचाच डाव आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या गावचा एक माणूस खेचर बघायला आला होता. चुलीपाशी बसला होता. इस्क्लेला म्हटलं, "तोच चोर." इस्क्ले घाईघाईनं म्हणाला, "नाही नाही दादा, तो गरीब माणूस आहे. मी होतो ना समोर, उठलासुद्धा नाही तो." भोळा आहे. जगानं याला असंच लुटलं असतं, मी थोरला म्हणून वाचला.

२३ नोव्हेंबर

पाद्रीबुवांना सांगितलं. त्यांनी आधी तोंडावर हात ठेवला, मग विचारलं, "वेंतुरा, हे मी पापकबुली म्हणून ऐकू की बातमी म्हणून?" मी म्हटलं, "तुम्ही माणूस म्हणून ऐका."

अडीचशे वर्षांत किल्ली कुणी हरवली नाही. युद्धं आली, पटकी आली, अर्धा परगणा भुकेनं घाट उतरून गेला, किल्ली राहिली. ती माझ्या हातून गेली. उद्या लोक म्हणतील, कागद आपल्या विरुद्ध आहे हे वेंतुराला ठाऊक होतं, म्हणून गडप केली. हेच बोचतं. हरवण्याचं दुःख सोसेन, पण मी, बेर्तोमेवच्या घरचा थोरला, खोटा ठरावं?

४ डिसेंबर

बर्फ. तंबाखूची पानं सोलत बसलो तिघं. फिलोमेनानं टोपली मागितली तीही इस्क्लेमार्फत. फिलोमेनाला माझ्याशी बोलायची भीती वाटते हे आज माझ्या ध्यानात आलं. तिला बरं वाटावं असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते हेच, की पानं ओली राहिलीत.

१३ डिसेंबर

ठरवलं. लपवायचं नाही. सभेत उभा राहून सांगणार, किल्ली हरवली, माझं कुलूप फोडा. पाच जणांच्या किल्ल्या लागतील, सहावं कुलूप लोहार तोडेल. कागद मात्र वाचलाच पाहिजे. मन एकदम हलकं झालं. महिन्यानंतर पोटभर जेवलो, कोबी-बटाट्याचा पाटवडा आणि वर डुकराची चरबी. आम्ही त्याला त्रिंशात म्हणतो आणि बिशपलाही तो आवडतो असं ऐकून आहे.

इस्क्लेला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"फोडायचं? पण दादा, एक वर्ष थांबलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय."

तो उठून गोठ्यात गेला. मी आवाज दिला तर म्हणाला, मेंढ्या बिथरल्यात. एकही मेंढी ओरडत नव्हती.

१९ डिसेंबर

उद्या निघायचं. काळा झगा झटकला, टोपी घासली. इस्क्ले दाराशी येऊन उभा राहिला. दाढी केली होती. इतका नीटनेटका तो सणालाही नसतो.

म्हणाला, "दादा, जाऊ नकोस. ताप आलाय असं सांग. मी निरोप घेऊन जातो."

"तुझ्याचसाठी चाललोय ना गाढवा? तुझ्या मेंढ्यांसाठी!"

"ते ठाऊक आहे मला. म्हणूनच… दादा, बाबांबद्दल एक सांगायचं होतं."

मी हात वर केला. "बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. त्यांनी तो दगड आयुष्यभर राखला. त्यांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तर मी भर सभेत उघडा पडायला चाललोय."

"त्यांनी मला शपथ घातली होती रे—"

"शपथेचं मला सांगतोस? मीही शपथच घेतली आहे." मग जे बोललो तेही लिहितो, कारण वही त्यासाठीच दिली आहे. मी म्हटलं, "घराचं नाव माझं आहे, इज्जत माझी जायची आहे. तुझं यात काय जातंय?"

तो माझ्या बुटांकडे वळला. म्हणाला, "खरंय दादा. माझं काय जातंय." मग वाकून माझ्या बुटांना चरबी लावून दिली. वाटेत बर्फ आहे, पाय भिजतील म्हणाला.

२२ डिसेंबर

कालचं लिहितो. जमेल तेवढं.

खोऱ्यांच्या घरात, जिथं सभा भरते तिथं, नेहमीसारखं, खाली खेचरं बांधली, मधल्या सैपाकघरात रस्सा उकळत होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं. आधी कुणाला समजलंच नाही. मग दोन तास वाद. नियम असा की सहा जण हजर असल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही. आता किल्ली नसलेला कॉन्सल हजर धरायचा की नाही? एक म्हातारा म्हणाला, किल्ली हीच हजेरी, माणूस तिच्याबरोबर येतो एवढंच. दुसरा म्हणाला, मग पुढच्या वेळी किल्ल्याच पाठवू, जेवणाचा खर्च वाचेल. लोक हसले. मी हसलो नाही. सेर्नीही हसला नाही. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वेंतुरा, कशाला? राहू दे. उन्हाळ्यात बघू."

मला वाटलं, घाबरला. मी टेबलावर मूठ आपटली. "माझं कुलूप, मी सांगतो, फोडा!"

लोहाराला बोलावलं. पाच किल्ल्या फिरल्या. सहाव्या कुलपावर घण पडला, चार घाव. सभेच्या अध्यक्षांनी कागद काढून वाचला. जुनी लिपी, अडखळत अडखळत. झऱ्याच्या मुखापासून मावळतीकडे चाळीस पावलांवर, क्रूस कोरलेला दगड.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं.

चाळीस. दगड आज नऊशे पावलांवर आहे. मी लहानपणापासून त्याच्यावर बसून भाकरी खाल्ली आहे. नाही, लहानपणापासून नाही. उर्जेलहून परत आल्यापासून.

कुणी मला दूषण दिलं नाही. तेच फार वाईट. मी टोपी टेबलावर ठेवली. मला जेवायला थांबवत होते.

२४ डिसेंबर

इस्क्ले घरी नाही. मी निघालो त्याच दिवशी तो तंबाखूचा गठ्ठा चोरून फ्रान्समध्ये न्यायला चौघांबरोबर घाटाकडे गेला. फिलोमेना म्हणते, "जाताना माझ्या हाताचं चुंबन घेतलं हो भावजींनी. आणि दादांना सांगा म्हणाले, मेंढ्यांना मीठ घालायचं विसरू नका. मला वाटलं, नेहमीसारखे दोन दिवसांत येतील."

त्याला अजून निकाल ठाऊकही नसेल. आल्यावर कोणत्या तोंडानं सांगू? आज नाताळची संध्याकाळ. त्याचं ताट मांडलं होतं.

१५ जानेवारी

बर्फामुळे पलीकडे अडकलेले चौघे परत आले. इस्क्ले आला नाही. पलीकडे गठ्ठे उतरवल्यावर तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं." बर्फ भुरभुरत होतं. एवढंच त्यांना माहीत.

३ मार्च

घाटापलीकडच्या आक्सच्या बाजारात त्याला पाहिल्याचं एक फेरीवाला सांगून गेला. लाकडं उतरवत होता म्हणे, उंचीही तेवढीच, खोकलाही तसाच. मी त्याला वाइन पाजली, घरात बसवून घेतलं, तीन तीनदा विचारलं. शेवटी विचारलं, डाव्या हाताचं मधलं बोट? तो आठवत राहिला. मग म्हणाला, नाही, त्या माणसाची दहाही बोटं शाबूत होती.

फिलोमेनानं पेला उचलून नेला.

मी मेंढ्यांना मीठ घालतो. मला त्यांची नावं येत नाहीत. त्या माझ्याकडे येत नाहीत.

२६ मे

आज दगड परत जागेवर बसवला. नवा कॉन्सल, दोन्हीकडची आठ माणसं, चार बैल. मी गेलो नसतो तरी चाललं असतं, पण गेलो. झऱ्याच्या मुखापासून सेर्नीनंच पावलं मोजली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं. चाळीसवर काठी रोवली. गवत कापून खणायला लागले, तर हातभर खाली पाटीचे दगड नीट रचलेले लागले. जुना खड्डा. कुणीतरी म्हणालं, "बरोब्बर इथंच होता बघा."

वरच्या पाटीखाली लोकरीची पिशवी होती.

सगळे मागे सरकले. मीच वाकून उचलली. चरबीनं मऊ राहिली होती. किल्लीला गंजाचा ठिपकासुद्धा नाही. नोव्हेंबरात गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला होता तो. हा खड्डा जगात दोघांनाच ठाऊक होता, त्यातले एक थडग्यात आहेत. बारा वर्षांच्या पोराकडून दगड ढकलून घेतला, त्याचं बोट चेचलं, वर शपथ घातली, आणि कुरण त्याला देऊन टाकलं. थोरल्याला शाळेत पाठवलं, म्हणून थोरला प्रामाणिक राहिला.

सेर्नी माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "तुला ठाऊक नव्हतं, हे मला आत्ता पटलं." मग पाइप भरायला लागला. "तुझा इस्क्ले सप्टेंबरात आला होता माझ्याकडे. म्हणाला, कुरण तुमचंच धरा, पण मी जिता आहे तोवर मला चारू द्या. मी म्हटलं, चार बाबा, नव्वद मेंढ्यांनी काय डोंगर संपतोय? म्हणाला, दादाला एकदा विचारतो."

"मग?"

"मग काय! तू ओसरीत शपथ घेऊन बसलास. त्यानं काय विचारायचं आणि कुणाला?"

दगड खड्ड्यात सोडताना मी खाली हात लावला होता, सरळ बसवायला म्हणून. "सोड, सोड!" लोक ओरडत होते. मला ऐकू येत होतं. सेर्नीनं मनगट धरून ओढलं नसतं तर हात तिथंच राहिला असता. का काढला नाही ते मला सांगता येत नाही.

किल्ली घरी आणली. कपाटाला जानेवारीतच नवं कुलूप बसलं, त्याची नवी किल्ली नव्या कॉन्सलच्या घरी आहे. ही आता कुठंच लागत नाही. गोठ्यावरच्या माळ्यात इस्क्लेच्या बिछान्याच्या खुंटीला टांगली. फिलोमेना शिडीखाली उभी होती. तिनं विचारलं, "अहो, कुठं सापडली?"

मी म्हटलं, "एकच जागा राहिली होती."